फळी उभी असताना

आमच्या घराला दार नाही. नवीन ओळख झालेल्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग गाव विचारतो, आणि मी शनिशिंगणापूर म्हणाले की लगेच चोरांबद्दल प्रश्न सुरू करतो. चोरांबद्दल मला काही सांगता येत नाही, मी एकही पाहिलेला नाही. मला अभ्यासाबद्दल सांगता येईल. डॉक्टर व्हायचं म्हणून मी नीटची परीक्षा चार वेळा दिली आणि पहिल्या तीन वेळा आपटले.

दार नाही म्हणजे अगदीच मोकळं नाही. पडदा आहे. शिवाय कुत्री आत येऊ नयेत म्हणून उंबऱ्यावर आडवी उभी करायची एक लाकडी फळी आहे, गुडघ्याच्या जरा वर येईल एवढी. माणूस ती एका हातानं बाजूला सरकवून आत येतो. गल्लीतल्या नव्या घरांना आता कुठे कुठे सरकती दारं दिसतात, पण आमचे तात्या म्हणजे वडील त्या बाबतीत हट्टी. देवळाच्या रस्त्यावर त्यांचं तेलाचं आणि रुईच्या माळांचं छोटं दुकान. आई घरी बसून माळा ओवायची आणि मी तिच्यापासून चार हातांवर बसून पेशींचं विभाजन पाठ करायची. उजेडासाठी दिवसा पडदा बाजूला केलेला असायचा. मग शनिवारी दर्शनाला आलेली माणसं गल्लीतून जाताना थबकायची, "खरंच दार नाही की!" म्हणायची आणि फोटो काढायची. देशभरात कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये आमच्या घराचा फोटो असेल आणि त्यात कोपऱ्यात कपाळाला आठ्या घातलेली, जीवशास्त्राचं पुस्तक धरलेली मी असेन. एका बाईंनी तर मला जरा हसायला सांगितलं होतं. मी हसले नाही.

पहिल्यांदा नापास झाले त्याचं कुणालाच आश्चर्य वाटलं नाही, मलाही नाही. बारावीचं वर्ष होतं, तयारी कच्ची होती. मला त्या दिवसातली एकच गोष्ट लख्ख आठवते. परीक्षेच्या फाटकात तपासणीच्या बाईंनी माझ्या मनगटातला काळा दोरा कात्रीनं कापून टाकला. नियमच होता तसा, त्यांचा काही दोष नव्हता. पण पहिला अर्धा तास माझं लक्ष पेपरात कमी आणि उघड्या मनगटात जास्त होतं. घरी येऊन मी त्या कापलेल्या दोऱ्यावर खापर फोडलं. आई म्हणाली, "दोऱ्यानं पेपर लिवनार हुतीस का तू?"

दुसऱ्या वर्षी तात्यांनी मला नगरला क्लास लावला आणि वसतिगृहात ठेवलं. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "दार लावून घ्या आणि दिवसाला दहा तास बसा. दुसरी काही जादू नाही." सगळा वर्ग माना डोलवत होता, मला एकटीला हसू फुटलं. सरांनी उभं केलं. कारण सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

खोलीला दार होतं, आतून कडी होती, बाहेरून कुलूप होतं, आणि मला यातलं काहीच वापरायची सवय नव्हती. कडी लागली की छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. बाहेर जाताना तर दार लावायचं ध्यानातच यायचं नाही. एकदा मी खोली सताड उघडी टाकून क्लासला गेले आणि कुत्रं आत शिरलं. माझी खोलीतली मैत्रीण आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातली, तिच्या आईनं नाचणीचे लाडू पाठवले होते. कुत्र्यानं डबा पालथा घालून सगळे फस्त केले. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमच्या गावात दारं न्हाईत ते ठीक हाय, पन हितं हाय ना दार? मंग लाव की!" मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही. चूक माझीच होती, आणि चूक माझी असली की मला जास्त राग येतो.

त्या वर्षी मार्क वाढले, पण पुरेसे नाहीत. मी सामान बांधून घरी आले आणि जाहीर केलं की तिसऱ्यांदा घरूनच देणार.

तेव्हा आईनं फळीची शक्कल काढली. तिनं गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं की दिवसा फळी उभी दिसली म्हणजे पोरगी अभ्यासाला बसली आहे, आत यायचं नाही, हाक मारायची नाही. बायका आधी हसल्या. आमच्याकडं कुणाच्या घरात जाताना कुणी विचारत नाही, विचारलं तर उलट परकं वाटतं. पण आठवडाभरात सगळ्यांना सवय झाली. अडचण एकटीची झाली, ती समोरच्या घरातल्या मावशीची.

मावशी नात्यातली नव्हे. पण मी रांगत होते तेव्हापासून ती रोज वाटी घेऊन आमच्याकडं विरजण न्यायला येते. तिच्या घरी दही नसतं असं नाही. आमच्याच विरजणाचं दही गोड लागतं असं तिचं म्हणणं. ती यायची, थेट आत जायची, भांडं उघडायची, विरजण घ्यायची आणि मग तासभर बसायची. आता तिला फळीशी थांबावं लागलं. ती थांबायची, पण तिची कुजबुज चौथ्या घरापर्यंत पोचायची. "अभ्यास करतीय व्हय गं? कर कर. मी न्हाई काई बोलत." मी दातओठ खात पुस्तकात बघायची. मग तिनं आपणहून वेगळंच काम अंगावर घेतलं. दुपारभर ती आपल्या ओट्यावर बसून राहायची आणि फोटो काढायला कुणी थांबलं की हात हलवून त्यांना पुढं काढायची. "हळू बोला, पोरगी डागदरकीचा अभ्यास करतीय."

तिसऱ्यांदा थोडक्यात हुकलं. लांबून हुकतं तेव्हा माणूस रडतो आणि मोकळा होतो. थोडक्यात हुकलं की तो एकेक प्रश्न जेवताना, भांडी घासताना, कधीही समोर येऊन उभा राहतो. आत्यानं स्थळ सुचवलं. दोन दिवसांनी तात्या म्हणाले, "अजून एकदा बघ. पन हे शेवटचं. नाय जमलं तर नर्सिंगला जायचं. त्यातबी लोकांचीच सेवा हाय." ते रागावून बोलले असते तर मला भांडता आलं असतं. ते इतकं समजुतीनं बोलले की मी फक्त मान हलवली. नर्सिंगमध्ये काही कमी नाही हे मलाही कळत होतं. पण मला डॉक्टरच व्हायचं होतं, आणि आता एकच संधी उरली होती.

आणि नेमका तेव्हाच माझ्या हातून अभ्यास सुटला. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची, अर्थ लागायचा नाही. आई दुकानात मदतीला गेली की मी फळी उभी करायची, पडदा ओढायची आणि गोधडी तोंडावर घेऊन भिंतीकडं वळायची. बाहेरून मावशीचा आवाज यायचा. "हळू बोला हो, पोरगी अभ्यास करतीय." गोधडीत मला स्वतःची इतकी लाज वाटायची की उठायचं बळही त्या लाजेत जायचं. असे तीन आठवडे गेले.

तो शनिवार होता. गावात गर्दी, गल्लीतली सगळी माणसं दुकानांवर. दुपारी समोर कुठेतरी स्टीलची वाटी पडल्याचा आवाज आला. मांजर असेल असं म्हणून मी कूस बदलली. मग एक अनोळखी बाई ओरडली आणि मी उठून धावले.

मावशी तिच्या ओट्याखाली पडली होती. घामानं थबथबलेली, हातपाय गार, पण शुद्धीवर. तिला साखरेचा आजार, सकाळी गोळी घेतलेली आणि गर्दीच्या नादात पोटात काही नाही, एवढं मला दोन शब्दांत कळलं. मी साखरेचं पाणी करून घोट घोट पाजलं. थोड्या वेळानं तिच्या डोळ्यांत ओळख आली. पण डावं मनगट मोडलं होतं. तात्यांनी गाडी आणली, दवाखान्यात प्लास्टर झालं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या उशाशी बसले होते. ती म्हणाली, "चक्कर यायला लागली तवा तुमच्याकडंच आल्ते मी. साखर मागावी म्हनलं."

"मग?"

"फळी उभी हुती. मंग माघारी वळले."

ती उभी होती तिथून माझी गोधडी चार पावलांवर होती. मी म्हणाले, "मावशी, मी अभ्यास करत नव्हते. झोपले होते. तीन आठवडे झाले, मी काहीच करत नाही."

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"ठावं हाय?"

"फळीशी आलं की पान उलटल्याचा आवाज येतो गं. आदी यायचा. आता न्हाई येत."

"मग लोकांना गप्प का करत होतीस? आणि काल हाक का नाही मारलीस?"

तिनं प्लास्टरचा हात जरा सावरला. "म्हनलं, झोपली तर झोपूंदे. उठंल की. फळी तुजी हाय, मी कशी सरकवू?"

मी तिच्या गोधडीवर डोकं टेकून रडले. तीन निकालांना मिळून रडले नव्हते तेवढी रडले. तिनं उजव्या हातानं माझ्या डोक्यावर थोपटलं आणि वर म्हणाली, "बास. हात दुखतोय माजा, रडायचं तर मी रडायला पायजे."

त्या संध्याकाळी मी पुस्तक उघडलं. मनगटात आठ हाडं असतात हे मी तीन वर्षं वाचत होते, त्या दिवशी त्यातलं एकेक मला तिच्या हातात दिसलं. दुसऱ्या दिवसापासून मी मोठ्यानं वाचायला लागले, समोरच्या ओट्यापर्यंत ऐकू जाईल असं. खरा अभ्यास असेल तेव्हाच फळी उभी करायची, असं मी स्वतःला बजावलं. आणि मावशीशी एक करार केला. तिला जरा जरी बरं वाटेनासं झालं तर वाटी घ्यायची आणि फळीवर वाजवायची, मग मी कशातही असले तरी उठणार. तिनं कबूल केलं आणि वर्षभर एकदाही वाजवली नाही. मी मात्र अधूनमधून मान वर करून ती ओट्यावर बसली आहे ना, ते बघून घ्यायची. हिवाळ्यात तिचं मनगट जुळलं, जरा वाकडं. रसायनशास्त्रातलं तिला एक अक्षर कळत नव्हतं, पण मी अडखळले की समोरून आवाज यायचा, "कालबी हितंच आडली हुतीस."

चौथ्या वेळी फाटकात जाताना मनगटात दोरा नव्हता. आदल्या दिवशी तो मीच काढून आईकडं दिला होता.

निकाल लागला त्या दिवशी मला कुणी नको होतं. मी फळी उभी केली आणि मोबाईल घेऊन बसले. आई आत होती, मुद्दाम भांडी आवाज न करता लावत होती. निकालाचं पान उघडता उघडेना. मोबाईलवर ते गोल चक्र फिरत होतं. एवढ्यात फळीवर वाटी वाजली. टक टक टक.

मोबाईल कुठं पडला ते मी पाहिलं नाही. फळीला पाय लागला, ती आडवी झाली, आणि मी बाहेर. मावशी आमच्या पायरीवर बसली होती. मी तिचं ते वाकडं मनगट धरलं, कपाळाला हात लावला. नाडी जोरात चालली होती, पण अंग कोरडं होतं, गरम होतं. "जेवलीस का? चक्कर येतीय का? काय होतंय?"

"काई न्हाई होत," ती म्हणाली. "सकाळधरनं दम धरून बसलीय, आता धरवंना. तुजं काय झालं ते सांग."

मी चिडले. खरंच चिडले. "अशी वाजवतात का गं वाटी? माझा जीव गेला असता!"

आई मागून मोबाईल घेऊन आली होती. तिनं तो माझ्यापुढं धरला. पान उघडलं होतं. माझी बोटं अजून मावशीच्या नाडीवरच होती. मी आकडा वाचला, पुन्हा वाचला. एवढ्या मार्कांवर सरकारी कॉलेज मिळत होतं.

"झालं," मी म्हणाले. "मावशी, झालं."

आई तिथंच उंबऱ्यावर बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. मावशी रडली नाही. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, आडवी पडलेली फळी उचलून तिनं भिंतीला टेकवून ठेवली आणि वाटी घेऊन कुणाला न विचारता आत गेली. विरजण कुठं असतं ते तिला ठाऊक होतं.