समुद्र दिसावा म्हणून केवडा काढला

आज सकाळी काशीदला जेसीबीने केवड्याच्या बनात दात घातले, त्या क्षणी माझं सगळं संपलं.

मित्रांनो, आर्किटेक्चरचं कॉलेज अर्ध्यात सोडून मी सायलीच्या बाबांच्या गेस्टहाऊसचं काम घेतलं. खरं सांगतो, सायलीसाठी घेतलं. माझ्या नकाशात जांभ्याच्या भिंती, वर कौलं, आणि समोरचा केवडा जसाच्या तसा. आपल्याकडे घर केवड्याच्या आडच बांधतात. खारा वारा आणि वाळू तोच अडवतो.

मी जेसीबीपुढे उभा राहिलो. काका, म्हणजे सायलीचे बाबा, ओरडले, "बाजूला हो, इंजिनेर! डिग्री न्हाय आन् मला शिकवतोस? पाहुण्यांना पलंगावरून समुद्र दिसायला पायजे!"

तयार झालेल्या एकमेव खोलीत सायली काचेतून फोटो काढत होती. म्हटलं, "तू तरी सांग त्यांना."

"अरे, किती मस्त दिसतंय आता! तू उगाच तापतोस."

दहा पावलं चालून समुद्र बघायला पाय दुखतात का लोकांचे? सांगा तुम्हीच!

नकाशे तिच्यासमोर टाकले आणि निघालो. बाहेर वाळू उडायला लागली होती. तिच्या डोळ्यांत जायला नको म्हणून समुद्राकडचं दार मीच ओढून लावलं.