उरलेल्या कॅप्सूल

आमच्या देऊळघाटात विरजण मागावं तशा गोळ्या मागतात. कुणाच्या घरी उरलेलं पाकीट आहे, ते गल्लीला पाठ असतं. मी हल्ली गावोगाव आरोग्याची पत्रकं वाटतो. त्यात पहिलंच वाक्य आहे : अँटिबायोटिक उरवू नका, उरलं तर दुसऱ्याला देऊ नका. लोक घडी घालून खिशात टाकतात. माझं डोकं फिरतं. पण हा राग घरूनच आलेला आहे.

माझी बहीण पोलीस भरतीसाठी पहाटे बुलडाण्याच्या रस्त्यावर धावायची. एका सकाळी तिला थुंकीही गिळवेना. सर्दी नाही, खोकला नाही. नुसता ताप आणि जबड्याखाली गाठी. डॉक्टरांनी बॅटरी लावून घशातले पांढरे ठिपके पाहिले, तपासणी केली. म्हणाले, "बहुतेक वेळा घसा आपोआप बरा होतो, अँटिबायोटिक लागत नाही. हिला लागतं. बरं वाटलं तरी कॅप्सूलचं पाकीट संपवायचं."

ताप उतरला आणि ती पुन्हा रस्त्यावर. माय म्हणाली, "आता काऊन गिळतं वं? ह्या गोळ्या लय गरम राह्यतात. अंगातली ताकद जाते. धावशीन कशी?" बहिणीनं पाकीट अर्ध्यावर सोडलं. घरात कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. "पोराचं नाक वाहून राह्यलं. हाय का काही?"

"ने न," माय म्हणाली. "पडूनच हाय."

साध्या सर्दीला त्या कॅप्सूलचा काडीचा उपयोग नसतो. पोरगं तसंही बरं होणारच होतं. झालं. नाव मात्र कॅप्सूलचं झालं.

काही आठवड्यांनी बहिणीचा गुडघा सुजला, मग घोटा, मग दुसरा गुडघा. धावून झालं असेल, म्हणाले सगळे. मग दम लागायला लागला. मोठ्या दवाखान्यात कळलं, घशाचं दुखणं अर्धवट सोडलं, ते हृदयाच्या झडपेवर गेलं. तिनं एकच विचारलं, "भरतीची मैदानी चाचणी कधी देता येईन?" डॉक्टरांनी मायला बाजूला बोलावलं.

आता ठरल्या वेळी इंजेक्शन. किती वर्षं, कुणी सांगत नाही. जिन्यात ती मध्येच थांबते.

परवा काकू पुन्हा दारात. "पोरीचा घसा दुखून राह्यला. तुमच्याकडं तर आता गोळ्या असतीनच."

माय म्हणाली, "डॉक्टरले दाखव."

"मोठी डॉक्टरीण झाली वं तू! एका गोळीनं काय मरते कोणी?"

आतून बहीण बोलली, "मरत नाही काकू. धावता येत नाही."

काकू पायऱ्या उतरल्या. थोड्याच वेळात पुढच्या घराची कडी वाजली.