नव्या तांदळाची पेज

सरकारी पैसा हातात पडायच्या आधी सल्ले येऊन पडतात. कोसमटोल्याच्या शाळेचंही तेच झालं. धानोऱ्याहून जंगलात आत गेलं की कुडाच्या भिंतींची एक खोली लागायची. त्या खोलीत चार इयत्ता आणि चारही इयत्तांना मिळून एकच मास्तरीण, वच्छलाबाई. सत्तावन साली गरीब आदिवासी मुलांसाठी म्हणून शाळेला जादा रक्कम मंजूर झाली आणि ती कशी खर्चायची ते शाळेवर सोडलं. झालं! धानोऱ्याचा पोस्टमास्तर म्हणाला, टोप्या घ्या, फोटोत छान दिसतात. दुकानदार म्हणाला, पाट्या घ्या, माझ्याकडेच आहेत. बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि एक मोठी हंडी विकत घेतली.

का, तर ऊन डोक्यावर आलं की पोरं पेंगायची. बाई आधी ओरडायच्या. बाईंचा आवाज असा खणखणीत की पलीकडच्या बांधावरचे बैलसुद्धा मान वर करायचे. पण एकदा त्यांनी इतवारी नावाच्या पोरीला दरडावून विचारलं, "काऊन झोपून राह्यली वो?" तर ती म्हणाली, "झोपलं का भूक नाई लागत, बाई." त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत बाईंनी फळ्याकडे तोंड करूनच शिकवलं.

मग रोज दुपारी हंडीत तांदळाची पेज शिजू लागली, वर थोडी डाळ, कधी रानभाजी. पण परक्या बाईच्या हातचं खाणार कोण? आयाबाया लांबून बघायच्या आणि पोरांना ओढून न्यायच्या. शेवटी इतवारीचा आजा जंगू आला. जंगू म्हणजे गावाचा गायता. गावाच्या देवांचं सगळं तोच बघायचा आणि त्याचा शब्द कोणी खाली पडू द्यायचं नाही. तो सगळ्यांशी अरे-तुरेच बोलायचा, मग समोर पाटील असो की फॉरेस्टचा साहेब. त्यानं हंडीत डोकावून पाहिलं, बसला, पानाच्या द्रोणात पेज घेऊन भुरके मारत प्याला आणि म्हणाला, "बरी हाये. मीठ घाल अखीन."

त्यानंतर शाळा अशी भरली की बसायला जागा पुरेना. पेंगणं तर गेलंच, पण उत्तरं द्यायची चढाओढ लागली. इतवारी चौथीचं पुस्तक घडाघडा वाचायची. त्या टोल्यातली एकही पोरगी आजवर चौथीच्या परीक्षेला बसली नव्हती आणि ही बसणार होती. बाई कोणी विचारलं नाही तरी तिचं कौतुक सांगत सुटायच्या.

आणि मग बाईंनीच घोटाळा केला!

भादवा लागला होता. घरोघरी कणग्यांचे तळ दिसायला लागलेले. धानोऱ्याच्या बाजारात बाईंना हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाचा नवा तांदूळ दिसला. काय त्याचा वास! बाईंचं मन हरखलं. त्या सिंदेवाहीच्या शेतकऱ्याची लेक. त्यांच्या घरी नवं धान आलं की देवापुढे चिमूटभर ठेवायचं आणि जेवायला बसायचं, इतकं सोपं. त्यांनी नवा तांदूळ आणला, घट्ट पेज केली, पोरांनी द्रोण चाटून पुसून ठेवले. दुसऱ्या दिवशी शाळेत एकही पोर आलं नाही.

बाई तडक जंगूच्या अंगणात गेल्या. तो दोर वळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"जंगूभाऊ, काय झालं? माझं काही चुकलं का?"

"पेनाले नवं दाखवाच्या आधी लेकराइनं खाल्लं," जंगू म्हणाला. पेन म्हणजे त्यांचे देव. "आमचे गेलेले बाप-आजे अजून उपाशी बसले हायेत. तुले लेकराची भूक दिसली, बाई. त्याइची नाई दिसली."

बाई त्याच्यासमोर खाली बसल्या. कुणी याला अडाणीपणा म्हटलं असतं, कुणी सरकारी हुकूम दाखवला असता. बाई म्हणाल्या, "मला ठाऊक नव्हतं. मी विचारायला हवं होतं. आता सांगा, काय करू?"

जंगूनं सांगितलं तसं सगळं बाईंनी केलं. गावासमोर ती हंडी फोडली. दंडाची कोंबडी दिली. गावाचं नवं, म्हणजे देवा-पितरांना नव्या धानाचा नैवेद्य, होईपर्यंत नव्या दाण्याला शिवणार नाही असं कबूल केलं. पण पोरं? पोरं गावाचं नवं झाल्यावर येतील, तेही आयांनी धाडली तर. आयांची मनं पार उडाली होती. या बाईचा काय नेम, उद्या अखीन काय खाऊ घालंल?

त्यातच पोस्टमननं निरोप आणला की दिपोटी साहेब तपासणीला येताहेत. शाळा रिकामी दिसली की साहेब काय करणार ते सांगायला नको. जेवणाची रक्कम बंद आणि टोप्या सुरू. बाई पुन्हा जंगूकडे धावल्या. नवं जरा अलीकडे घेता येईल का?

"सायेब येते म्हणून धान पिकते का?" जंगू म्हणाला. बाई परत आल्या.

आणि साहेब उगवले ते नेमके नव्याच्याच दिवशी. बैलबंडीत आदळून हाडं खिळखिळी झालेली, पोटात कावळे ओरडत होते आणि शाळेला कुलूप. बाई त्यांना गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली घेऊन गेल्या. सगळा गाव तिथं जमला होता. नव्या तांदळाचं मडकं चुलीवरून उतरवलेलं आणि जंगू डोळे मिटून एकेका पितराचं नाव घेत होता.

"हेच का ते अनुदानाचं जेवण?" साहेब कडाडले. "पोरांच्या आधी चाखून बघायचं, असा आमचा नियम आहे." आणि द्रोण घेऊन सरळ मडक्यात हात घालू लागले.

बाईंनी झडप घालून त्यांचं मनगट धरलं.

अगा बाप्पा! बदली ज्याच्या हातात, त्याचाच हात, तोही भर गावात! साहेबांची टोपी कपाळावर आली. "बाई! सोडा म्हणतो ना!"

"नाही, साहेब. आधी देवाचं होऊ द्या, मग पितरांचं, मग आपलं."

"मी तुमची तक्रार करीन!"

"करा. माझी बदली केलीत तरी चालेल. ही चूक मी एकदा केली आणि माझ्यापायी लेकरं उपाशी राहिली. पुन्हा नाही होऊ द्यायची." बाईंची मूठ काही सैल होईना. जंगूनं शेवटच्या पितराचं नाव घेईपर्यंत त्यांनी साहेबांना तसंच धरून ठेवलं. साहेबांनीही पहिल्या झटापटीनंतर हात ओढायचं सोडून दिलं. इतक्या लोकांच्या डोळ्यांपुढे करतात काय!

जंगूनं पेनाला भात वाहिला, पितरांना वाहिला आणि वळून पाहिलं. "सोड आता त्याले," तो म्हणाला. "ये सायबा, बस."

साहेब बसले. आधी रागानं खाल्लं, मग भुकेनं. दुसऱ्यांदा द्रोण पुढे करताना ते मनगट चोळत म्हणाले, "बाई, नवी हंडी घ्या. मी लिहून देतो."

आया पोरांना पदराआड धरून मागेच उभ्या होत्या. जंगू त्यांच्याकडे बघून खेकसला, "काय देखून राह्यल्या? आपल्या बाप-आज्यासाठी जे सायबाचा हात धरते, तिच्या हातचं खायाले भेव कायचं? उद्यापासून धाडा लेकरं!"

इतवारी उद्याची वाट कशाला बघते! आईचा हात झटकून ती धावत आली, बाईंना खेटून बसली आणि त्यांच्याच द्रोणातून खाऊ लागली.