शिडाची होडी, अप्पांचा विमा आणि माझी सही

माझे सासरे अप्पा मागच्या मे महिन्यात एका मंगळवारी वारले. त्या वेळी ते वरण-भात खाऊन वरच्या खोलीत घोरत होते. त्यांना मारलं मी. हत्यार : निळ्या शाईचं पेन!

अप्पांनी चौतीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, पण सगळी इंजिनरूममध्ये. "अख्खं जग फिरलो गो, पण समुद्र काही धड बघितला नाही," असं ते गुहागरी सुरात म्हणायचे. इथे आयर्लंडात, कॉर्कला आमच्याकडे कायमचे राहायला आल्यावर शेजारच्या डेक्लनशी त्यांचं मेतकूट जमलं. डेक्लन अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, अप्पा शहात्तरचे आणि डेक्लनची शिडाची होडी वयाने त्या दोघांच्या जेमतेम खालोखाल. त्या होडीतून दोघांनी फ्रान्सला जायचं ठरवलं. अप्पांनी खलाशांचे पिवळे रबरी बूट आणले आणि ते घालून जेवायला बसू लागले! पण डेक्लनची बायको मॉरीन हटून बसली. विमा नाही, तर फ्रान्स नाही.

म्हाताऱ्या खलाशांचा विमा काढणाऱ्या कंपन्या होत्या त्या इंग्लंडात. ब्रेक्झिट झालं आणि त्यांनी आयर्लंडच्या गिऱ्हाइकांना दार लावून घेतलं. इथल्या कंपन्या फोनवर फार गोड बोलायच्या, वय सांगेपर्यंत.

"प्रवाशाचं वय?"

"शहात्तर."

मग शांतता. पलीकडे कुणीतरी नुसतंच श्वास घेत असल्यासारखी. एका बाईंनी तर आवाज खाली आणून विचारलं, "आणि पार्थिव कुठे पाठवायचं?"

"अहो, ते आत्ता स्वयंपाकघरात पोहे खातायत!" मी ओरडले. (तरी जाऊन बघून आले.)

शेवटी गावातली विमा एजंट ब्रेंडा हिने एक कंपनी शोधली. चौदा पानी फॉर्म आला आणि इथे माझा धंदा आडवा आला. मी जवळच्या रिंगास्किडीच्या एका औषध कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. आमच्याकडे कागदावर एक चौकोन कोरा राहिला तरी गहजब होतो. कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारायची, सही करायची, तारीख घालायची! बारा वर्षांची सवय. शेवटच्या पानावर 'विमाधारक मरण पावल्यास नातेवाइकाने भरावे' असा रिकामा भाग होता. मी रेघ मारली, झोकात सही केली, त्या मंगळवारची तारीख घातली, सकाळीच फॉर्म ब्रेंडाकडे टाकला आणि कामावरून लवकर घरी आले.

दुपारी धुकं उतरलं. समोरचं कुंपण दिसेना. बंदरातला भोंगा थांबून थांबून हंबरत होता. तीनच्या सुमाराला दार वाजलं. दारात काळ्या कोटातली मॉरीन. तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला, आत आली आणि टेबलावर सँडविचचं ताट ठेवलं. तिच्यामागून धुक्यातून आणखी दोघं निघाली. मग चौघं. सगळी काळ्या कपड्यांत, हातात झाकलेली ताटं, पावलांचा आवाज नाही. एकीने स्टुलावर चढून आमचं भिंतीवरचं घड्याळ थांबवलं. दुसरीने आरशावर चादर टाकली.

कुणी गेलं की इथे असंच करतात, पण आमच्याकडे गेलं कोण? विचारावं कसं? मी आपला चहा टाकला.

तेवढ्यात डेक्लन आला. डोळे लाल. "रविवारी तर अगदी ग्रँड, ठणठणीत होता गं," तो पुटपुटला.

"कोण?"

त्याने छताकडे बघितलं. मीही बघितलं. आणि वरच्या मजल्याची फळी करकरली.

धप्. जिन्यावर पाऊल वाजलं. धप्. कुणी हलेना. धुक्यातला भोंगाही नेमका तेव्हाच गप्प झाला. जिन्याच्या वळणावर आधी पिवळे बूट दिसले, मग पांढरा लेंगा, पांढरी बंडी आणि त्यावर पांढराफटक चेहरा! (समुद्रावर लावायचं उन्हाचं क्रीम. अप्पा कितपत चिकटतं ते बघत होते. अर्धी ट्यूब.) कुणाच्या तरी हातून कप पडला. मॉरीनने छातीवर क्रूस काढला, मग खात्रीसाठी आणखी एक.

एवढी काळे कपडे घातलेली माणसं बघून अप्पांनी गंभीरपणे हात जोडले आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "कोण गेलं गो?"

"अप्पा, तुम्ही!"

त्यांनी क्षणभर विचार केला. "बरं. मग शनिवारच्या फ्रान्सचं काय?"

डेक्लनने त्यांना मिठी मारली आणि लहान मुलासारखा रडला. क्रीम त्याच्या काळ्या कोटाला लागलं. ब्रेंडा सर्वात शेवटी आली, पांढऱ्या फुलांसकट. माझ्या सहीतारखेला तिच्या कंपनीने मृत्यूची नोंद समजून फाइल बंद केली होती. "मी फक्त एकीला सांगितलं हो!" ती म्हणाली. आणि मेलेल्याचा विमा निघत नाही, असं कंपनीने ठणकावून कळवलं होतं.

अप्पा खुर्चीत बसले. "राहिलाच म्हणायचा समुद्र," एवढंच बोलले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्याने आयुष्यात एक गोष्ट मागितली होती आणि ती मी सहीनिशी बुडवली होती.

पण पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यायची दरवर्षीची सवय! अप्पा ताडकन उठले, आजचं वर्तमानपत्र छातीशी धरून ब्रेंडाच्या फोनसमोर ताठ उभे राहिले. व्हिडिओवरच्या विमा अधिकाऱ्याने तो पांढरा चेहरा बराच वेळ बघितला. शेवटी तो घाईघाईने म्हणाला, "मंजूर! पण होडीवर घरचं कुणीतरी पन्नाशीच्या आतलं पाहिजे."

"मला रजा नाही," माझा नवरा ऑफिसातून फोनवर म्हणाला. इतक्या तत्परतेने त्याने मला लग्नालासुद्धा होकार दिला नव्हता.

शनिवारी शिडात वारा भरला. अप्पा डोलकाठी धरून पुढे उभे होते आणि त्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही, असं डेक्लन सांगतो. "बघ गो, केवढा आहे!" अप्पा ओरडत होते. मला काहीच दिसलं नाही. माझं डोकं बादलीत होतं.

त्या पॉलिसीवर आजवर एकच क्लेम झालाय. रुग्णाचं वय बेचाळीस. आजाराचं ठिकाण : धक्क्यापासून दहा मिनिटं.