दुखवट्याचा पँटपीस

आश्विन निम्मा सरला होता. पुण्याहून मुलीचा फोन आला आणि तिनं विचारलं, "अण्णा, पँटी कोणत्या घेताय?"

"आहेत त्या," मी म्हणालो.

"आहेत त्या म्हणजे कोणत्या?"

माझ्याकडे तेव्हा तीन पँटी होत्या. शाळेतून निवृत्त होताना निरोपसमारंभासाठी शिवलेली काळी, रोजच्या वापरातली मातकट आणि एक कॉफी रंगाची. या शेवटच्या पँटीला आमच्या घरात 'सोसायटीची' म्हणत. गावच्या सोसायटीनं एका वर्षी सगळ्या सभासदांना एकाच ताग्यातले पँटपीस वाटले होते. ते वर्ष कोरडं गेलं, नवे कपडे घ्यायची कुणाची ऐपत नव्हती, त्यामुळे दिवाळीत सगळं गाव कॉफी रंगात फिरत होतं. "आपली शाळा सुटल्यावानी दिसतंय," असं माझी पत्नी ओट्यावरून म्हणाली होती.

मुलगी समजावून सांगत होती. दिवाळीनंतर ब्रह्मपुत्रेवर सकाळी गारठा असतो, तेव्हा एक जाड पँट हवी. बोटीवर सगळे एका टेबलावर जेवतात, त्यासाठी एक बरी हवी. आणि बोट मधूनमधून वाळूच्या बेटाला लागते, घोटाभर पाण्यातून उतरून जावं लागतं. त्यासाठी हलकी, वर दुमडता येणारी, लवकर वाळणारी.

"तुमच्यातली एकपण तसली नाही अण्णा. एक नवी शिवून घ्या."

मी 'बघतो' म्हणून फोन ठेवला.

आमच्या युसूफ वडगावात राहणाऱ्याला कपडे वाळतील की नाही हा प्रश्न पडत नाही. धुणं दोरीवर टाकून आत पाणी प्यायला जावं, तेवढ्यात ते कडक होतं. अडचण असते ती धुण्याच्या पाण्याची. नदीसाठी पँट दुमडायचा प्रसंगही माझ्यावर फारसा आला नाही. आमची नदी मांजरा. वाईट वर्षांत मी तिच्या पात्रातून चप्पल घालून चाललेलो आहे, आणि बाया वाळूत खड्डे करून वाटीवाटीनं पाणी भरताना पाहिलेल्या आहेत.

माझी पत्नी आमच्या घराला लागूनच असलेलं गावच्या महिला दूध संस्थेचं संकलन केंद्र सांभाळायची. दुधाचे कॅन धुवायला किती पाणी लागतं याची तिला जन्मभर काळजी. पावसाळ्यात मांजरेला पूर आला की गाव पुलावर जायचं, ती जायची नाही. "आज काय, कुणाच्या बी नाल्याला पाणी असतंय," म्हणायची. "पाऊस सरल्यावर जिच्यात पाणी हाय, ती नदी मला बघायची."

मुलीनं हे लक्षात ठेवलं. गेल्या दिवाळीत तिनं आम्हा दोघांसाठी बोटीचा प्रवास ठरवला, पुढच्या कार्तिकातला. पत्नीनं वरवर कुरकुर केली, मग संस्थेतल्या सगळ्या बायांना सांगून आली. पौषात ती गेली. आजारपण लांबलं नाही. मुलीनं आईची जागा स्वतःच्या नावावर करून घेतली आणि प्रवास कायम ठेवला. मी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं.

माझं मन कुठं अडलं होतं ते सांगायला हवं. आमच्याकडे घरात मृत्यू झाला की गोडजेवणाच्या दिवशी जवळचे पाहुणे कपडे आणतात. त्याला दुखवटा म्हणतात. माणसाला पाटावर बसवून, कपाळाला गंध लावून कापड मांडीवर ठेवतात. ते शिवून अंगात घालायचं. घातलं की शोकातून उठला, सणासुदीला, गावाला जायला मोकळा झाला, असं धरतात. हा आहेर दुसऱ्याला देत नाहीत. माझ्या मांडीवर तो माझ्या मेहुण्यानं ठेवला, म्हणजे पत्नीच्या धाकट्या भावानं. तो धारूरच्या बाजूला राहतो. थोडी माळाची जमीन, शेळ्या आणि तीन म्हशी. त्यानं आणलेला पँटपीस राखी रंगाचा होता. मी तो पांढऱ्या पिशवीतून पुरता बाहेरही काढला नाही. तसाच लोखंडी पेटीत ठेवला.

नंतर तो जेव्हा भेटे तेव्हा विचारी, "दाजी, शिवली का?"

"शिवू."

"कावून थांबलाव? शिंपी संपावर गेलाय व्हय?"

मी हसून विषय बदलायचो. खरं कारण कुणाला सांगण्याजोगं नव्हतं. ती पँट घालून मी पारावरून गेलो असतो तर लोक म्हणाले असते, मास्तर सावरले. मला सावरायचं नव्हतं. सकाळी दूध घालायला आलेल्या बायांचा आवाज बंद घराच्या भिंतीपलीकडून ऐकत बसणं मला पुरत होतं. बोटीवर जायचं तर मात्र आधी ते कापड अंगाला लागायला हवं होतं. तिच्या माहेरचा दुखवटा पेटीत पडलेला आणि मी नदीवर फिरायला गेलेला, हे मला जमणार नव्हतं.

मुलीच्या फोननंतर मी बरेच दिवस पेटीकडे नुसतं पाहत होतो. एका दुपारी ती उघडली. हलकी पँट हवीच होती, ते कापडही हलकं होतं. म्हटलं, शिवायला टाकू. तेवढ्यानं जायलाच पाहिजे असं नाही.

पेटीत आहेराच्या कापडांची चळत होती. लग्नांत, बारशांत, सोसायटीच्या कार्यक्रमांत आलेले पँटपीस पत्नी जपून ठेवायची आणि पुढच्या कार्यात पुढे द्यायची. कुणाचं कुणाला जाऊ नये एवढं तिच्या डोक्यात पक्कं असायचं. सगळ्यात वर एक पांढरी पिशवी होती. ती उघडली तर आत निळसर, बारीक रेघांचा पँटपीस. तो मी वैशाखात केजच्या दुकानातून मुद्दाम घेतला होता. मेहुण्याच्या मुलीच्या लग्नात मेहुण्याला आहेर करायला.

मी पेटी रिकामी केली. राखी कापड कुठंच नव्हतं.

मग सगळं आठवलं. लग्नाला निघताना मी पेटीतून पांढरी पिशवी उचलली, आत पाहिलं नाही. मांडवात आहेर सुरू झाला तेव्हा मेहुण्याला गंध लावून त्यातलं कापड त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं ते हातात घेऊन जरा वेळ पाहिलं. मग कपाळाला लावून पटकन उपरण्याखाली सरकवलं. त्याला बहिणीची आठवण झाली असं मला वाटलं. माझेही डोळे भरले. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानं आणलेला त्याच्याच बहिणीचा दुखवटा मी त्याच्या मुलीच्या लग्नात आहेर म्हणून दिला होता.

आमच्या भागात याहून अशुभ काही सांगता येणार नाही. पत्नी असती तर हे घडलं नसतं, हे मनात आलं आणि दुसऱ्याच क्षणी कळलं की ती असती तर ते कापडच आलं नसतं. मी पेटीशेजारी जमिनीवर बसून राहिलो. फोन करावा तर काय बोलावं? त्याला कळलं नसेल अशी आशा धरावी, तर त्यानं कापड ज्या तऱ्हेनं लपवलं ते डोळ्यापुढून हलेना. जायचं नाही, असं त्या दुपारी मी ठरवलं. मुलीला सांगायला शब्द जुळवत होतो.

सांगायच्या आधीच मेहुणा आला. दरवर्षी या दिवसांत तो सीताफळं घेऊन येतो. पाटी ओट्यावर ठेवून, पाणी पिऊन तो खांबाला टेकून बसला.

"कवा निगायचं हाय आसामला?"

"जात नाही मी."

"का?"

त्यानं एक सीताफळ दाबून पाहिलं आणि परत ठेवलं.

"पेटी उघडलीव वाटतं," तो म्हणाला.

मला मान वर करता येईना. "तुला तेव्हाच कळलं?"

"मीच घेतलेलं कापड मला वळखू येणार न्हाई व्हय? दुकानदाराशी घासाघीस करून आणलतं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मास्तर मानूस आन् भर मांडवात दुखवटा वाटता! आमच्या हिनं बगितलं असतं तर अक्षता सोडून तुमच्यावर आली असती. आजून बी सांगितलं न्हाई तिला."

"पोरीच्या लग्नात मी..."

"पोरीचं बरं चाललंय. तिच्या सासूला तेवढं काय तरी व्हावं म्हणत हुतो, ती बी ठणठणीत हाय."

मला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही आलं. तो माझ्याकडे न पाहता बोलत राहिला. "तवा बोललो न्हाई. तुमचं त्वांड बगितलं आन् वाटलं, ह्या मानसाला हातातलं कापड बी दिसंना झालंय. काय बोलावं?"

त्यानं पाटीतली सीताफळं बाजूला केली. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली पँट होती. राखी रंगाची, शिवलेली, इस्त्री केलेली.

"माप कुणाचं दिलंस?"

"माजं. दुसरं कुणाचं देणार?"

दुष्काळात जनावरांच्या छावणीच्या वर्षी चारा संपला तेव्हा तो म्हशी घेऊन आमच्याकडे आला होता. आमची जनावरं आणि त्याची, सगळी एकाच छावणीत होती. त्याच्याजवळ धड पँट नव्हती. तालुक्याच्या कचेरीत जायचं असलं की तो माझी घालायचा. आमच्या दोघांच्या कमरा सारख्या, पण तो चार बोटं उंच. त्याची बहीण खालची दुमड उसवून पँट लांब करून द्यायची आणि तो परत आला की माझ्यासाठी पुन्हा टाके घालायची. तेव्हापासून तिनं केजच्या शिंप्याला सांगून ठेवलं होतं की मास्तरांच्या पँटीला खाली आत दुमडायला चार बोटं माया ठेव. दुष्काळ सरला, त्याच्याकडं स्वतःच्या पँटी आल्या, तरी शिंपी माया ठेवत राहिला. मीही कधी नको म्हटलं नाही.

"घालून दावा," मेहुणा म्हणाला.

मी आत जाऊन पँट घातली. कमरेत थोडी सैल होती, या वर्षात मी उतरलोय. पाय पार झाकले जात होते. बाहेर आलो तसा तो उठून माझ्यापुढे उकिडवा बसला आणि एकेक पाय करून खालचं कापड आतून दुमडू लागला. चार बोटं लावून मापलं. बहीण लावायची तशीच.

"टाका घालू नगा," खाली मान घालूनच तो म्हणाला. "दुमडून जावा. पाण्यात उतरायचंय म्हणली पोरगी."

"तिनं तुला फोन केला?"

"तुमी बोलंना, मग कुणाला करंल?"

तो तसाच बसून होता. त्याचा हात माझ्या पावलावर पडलेला होता. मग तो पुसटसं म्हणाला, "आक्काची लई विच्छा हुती दाजी."

तो गेल्यावर मी बॅग काढली. जाड हवी म्हणून काळी ठेवली. जेवणाच्या टेबलासाठी कॉफी रंगाची. सगळ्यांत वर राखी, दुमड न मोडता. मातकट खुंटीवरच राहू दिली. मग मुलीला फोन लावला.

"घेतल्या पँटी," मी म्हणालो.

"नवी शिवली?"

"मामानं आणली. दुखवट्याची."

तिला या कापडाचा अर्थ माहीत होता. मग नाक ओढून, नेहमीच्या आवाजात बोलायचा प्रयत्न करत तिनं विचारलं, "लवकर वाळेल का पण ती?"

"सावकाश वाळू दे," मी म्हणालो.