विभूती लावलेला मिक्सर

उदगीरच्या शिवगंगाबाईंना ऑनलाइन काही मागवलं की त्याखाली दोन ओळी लिहिल्याशिवाय घास गोड लागत नसे. चादर असो की चहाची गाळणी. अभिप्राय लिहायचा, फोटो टाकायचा आणि किती जणांना तो 'उपयोगी' वाटला हे दिवसातून चारदा बघायचं. नाव मात्र नुसतं 'उदगीरची ताई'. "उगं कशाला पुढं पुढं करायचं?" असं म्हणत.

मार्चमध्ये मिक्सर आला, तो शुक्रवारी. नवी वस्तू विभूती लावून देवापाशी ठेवायची आणि सोमवारीच वापरायला काढायची, हा त्यांच्या घरात सासूबाईंपासूनचा नेम. बाईंनी मिक्सरवर विभूतीचे तीन पट्टे ओढले, बेलाचं पान ठेवलं, फोटो काढला. पण सोमवारपर्यंत दम कुणाला? त्याच संध्याकाळी पाच तारे देऊन लिहून मोकळ्या झाल्या: 'एक नंबर मिक्सर. शेंगदाण्याची चटणी लई झकास होते.' अहो, त्याची वायरसुद्धा सॉकेटला लागली नव्हती!

पंधरा दिवसांत मिक्सरनं धूर काढला. बाईंनी तो गुपचूप माळ्यावर टाकला. लिहिलेलं खोडावं असं मनात आलं, नाही असं नाही. पण दीडशे जणांना ते उपयोगी वाटलं होतं. बाईंचा हात काही उचलेना.

मे महिन्यात लेकीचं, सृष्टीचं डोहाळजेवण ठरलं. आदल्या दिवशी देगलूरहून तिच्या सासूबाई, लक्ष्मीबाई आल्या. उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी.

"हे काय झालं वो, विहीणबाई?"

"मिक्सर पेटला की! सुनंसाठी चटण्या करून आणाव्या म्हटलं, नवा मागवला. दुसऱ्याच दिवशी भडकला, हात पोळला."

"बघून घ्यायचा न्हाई का?"

"बघूनच घेतला. कोण ती उदगीरची ताई हाय म्हणं. विभूती लावलेला फोटो होता. म्हटलं, आपल्यातलीच दिसायलीय, विभूती लावून खोटं कशाला लिहील? जाऊ द्या. तुमचा मिक्सर काढा, उद्याची चटणी वाटू."

"शेजारी दिलाय," शिवगंगाबाई बोलून गेल्या. पुन्हा खोटं! पट्टी बांधलेल्या हातानं विहीणबाई लसूण सोलायला बसल्या तेव्हा तर बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. सांगितलं तर लेकीच्या सासरी तोंड कसं दाखवायचं? न सांगता तरी कसं दाखवायचं?

त्या माळ्यावर चढल्या. मिक्सर खाली आणून विहीणबाईंपुढं ठेवला. जळकट डागाशेजारी विभूतीचे पट्टे अजून तसेच होते.

"ती ताई मीच हाय," त्या म्हणाल्या. "चालवून न बघता लिहिलं. बिघडल्यावरबी काढलं न्हाई. लाज वाटायलीय मला."

लक्ष्मीबाईंनी हातातली लसणाची पाकळी ताटात टाकली.

"माझा हात आठ दिसात बरा होईल वो," त्या म्हणाल्या. "बाकी किती जणींनी घेतलाय?"

बाईंनी मोबाइल उघडला. दोनशे बारा जणांना उपयोगी वाटलं होतं. खाली आजचाच एक प्रश्न होता: 'ताई, आई एकटी राहते, तिच्यासाठी घेऊ का?'

शिवगंगाबाई पदरानं डोळे पुसत लिहू लागल्या: 'घेऊ नका. मी खोटं लिहिलं होतं.' आणि खाली पहिल्यांदाच स्वतःचं पूर्ण नाव घातलं.