बत्तीस जीबी रग्गड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवाला तर नाहीच — त्याच्यापुढे रोज भजन म्हणतो, पण एवढं गिळून. तुला सांगतो, कारण तू आमच्या लालबागच्या चाळीतला नाहीस.

मी डबलबारीचा बुवा. दोन बुवा समोरासमोर बसून गाण्यातून एकमेकांची सालं काढतात — आमच्या मालवणी माणसाचा जीव त्यात. बाबाही बुवा. ते गेले, त्यांच्या बाऱ्यांच्या कॅसेटींना बुरशी धरली. माझा धाकटा भाऊ नंदू म्हणाला, टॅब घेऊ, आवाज त्यात उतरवून ठेवतो. नंदू माझा पखवाजवाला. सूर केसभर हलला तरी त्याची मान हलायची.

दुकानदाराने दोन टॅब पुढे ठेवले. एक बत्तीस जीबीचा, एक एकशे अठ्ठावीसचा. वेगळं कार्ड घालायची सोय दोन्हीत नव्हती. नंदू म्हणाला, दादा, मोठा घे, पुढे वाढवता यायचं नाही. पैसे होते रे खिशात! पण सोबत आलेल्या भजन मंडळातल्या पोरांसमोर धाकटा मला अक्कल शिकवणार? बत्तीस रग्गड, म्हटलं. हट्ट — दुसरं काय?

नंदूने एकेक कॅसेट पुसून, वाळवून बाबांना त्यात उतरवलं. कॅसेटी मग फेकल्याच. आणि मी? मी त्याच टॅबवर दुसऱ्या बुवांच्या बाऱ्यांचे व्हिडिओ भरत सुटलो, त्यांचे डाव ओळखायला. परळला ऐन बारीत समोरच्याचं गाणं टॅबवर उतरवत होतो, तर पडद्यावर आलं, जागा नाही. समोरचा बुवा मला सोलत होता, लोक खिदळत होते, आणि उट्टं काढायला मला त्याचा शब्द न् शब्द हवा होता. मोठ्या फायली उडवल्या. न बघता? छे. बाबांचं नाव वाचलं — आणि उडवल्या. नंदूकडे दुसरी प्रत असेल, असं धरून चाललो. नव्हती.

गणपतीत आईने बाबांना ऐकायला टॅब मागितला. शोधशोध शोधलं तिने.

"तेंचो आवाज खंय गेलो रे?"

"नंद्याने उडवला," मी म्हटलं. अडखळलोसुद्धा नाही.

नंदू म्हणाला, मी हातही लावला नाही. मी कानफटात दिली. पहिली, त्याने गप्प बसावं म्हणून. दुसरी, तो खरं बोलत होता म्हणून. तो पडला तेव्हा लाथा घातल्या, केस धरून डोकं फरशीवर आपटलं. कानातून रक्त आलं तरी थांबलो नाही. आणि — कसं सांगू? — बरं वाटत होतं मला. प्रत्येक फटक्यागणिक तोच गुन्हेगार होत होता.

उजवा कान कायमचा गेला. पखवाज सुटला. दवाखान्यातून आल्यावर तो आईच्या पाया पडला.

"आई, माझोच हात लागलो असतलो गो."

असतलो! त्याला स्वतःचीच खात्री उरली नव्हती. ती मी मारून काढली होती. आई तेच खरं धरून गेली.

आता नंदू आपल्या लेकीला सांगतो, आजोबांचा आवाज माझ्या हातून पुसला गेला. तेव्हा मी शेजारीच असतो, त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला. ऐकतो, आणि गप्प बसतो.